पाच जीबी, कॉल वेगळे

पद्मावतीच्या चौकात, तौसिफच्या दुकानात
मी तुझ्यासाठी जॉर्जिया विकत घेतलं:
दहा दिवस, पाच जीबी, कॉल वेगळे.
"काका, उतरल्यावर रोमिंग चालू करायला सांगा,
नाहीतर पैसे पाण्यात."
मी ते कागदावर लिहिलं, कागद तुझ्या पासपोर्टात ठेवला.
तू तो काढून फ्रिजला चिकटवलास
आणि गेलीस.

गुडघ्यामुळे मी मागे राहिलो.
घड्याळात मात्र तू माझ्या दीड तास मागे.
लग्नाला बेचाळीस वर्षं झाली,
तू मागे असण्याची ही पहिलीच वेळ.

पहिल्या दिवशी: पोचले.
दुसऱ्या दिवशी एका पुलाचा फोटो, खाली: थंडी.
तिसऱ्या दिवसापासून एकच टिक.
जेवलीस का? एक टिक.
गिझरचं बटण कुठलं? एक टिक.
गॅसवाला येऊन गेला, पुस्तक सापडत नाही. एक टिक.
नलू?

तौसिफनं तुझा नंबर टाकून पाहिलं.
"संपला की पॅक! पाचच्या पाच जीबी, पावणेतीन दिवसांत.
काकू पिक्चर बघतात काय?"
तू?
अठ्ठावीस वर्षं टेलिफोन भवनात कानाला हेडसेट लावून
साताऱ्याला सांगलीशी, सांगलीला सुरतेशी जोडत बसलीस,
ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग,
आणि घरी आलीस की आधी माझा रेडिओ बंद करायचीस.

रात्री दुधाचा हिशेब लिहायला
आपला जुना टॅब उघडला,
तर त्यात तू सांडलेली.
दोनशे चौदा फोटो.
पर्समधल्या पर्समध्ये तुझा फोन
तुला न विचारता सगळं घरी पाठवत राहिला होता,
पाच जीबी संपेपर्यंत, इमानदार गड्यासारखा.

एकाही फोटोत ग्रुप नाही. चर्च नाही.
टूरवाल्या कौस्तुभचा लाल झेंडा एका कोपऱ्यात,
तोही चुकून आलेला.
या बाल्कनीतून त्या बाल्कनीत गेलेली वायर.
खांब.
खांबावरची डबी, दार उघडं, आत जळमटं.
बाकावर एक म्हातारी, फोनवर बोलता बोलता हसणारी.
तीच म्हातारी सतरा वेळा.
आणि बंद पडलेला एक टेलिफोन बूथ,
त्याच्या काचेत तू, अर्धीच,
मेलेला रिसीव्हर कानाशी धरलेली.

तो मी दोन बोटांनी मोठा केला.
इतका मोठा केला की तुझ्या जागी
नुसते चौकोन उरले.

"इथून मारता येतो दुसरा पॅक, काका. दोन मिनिटांचं काम."
मी म्हटलं, राहू दे.
का म्हटलं ते तौसिफला सांगता आलं नाही,
म्हणून उगाच एक चार्जर घेऊन आलो.

नवव्या दिवशी लँडलाइन वाजली.
तुझ्या हट्टानं ठेवलेली,
एरवी फक्त कर्ज देणाऱ्या मुली वाजवतात ती.
"हॉटेलच्या काउंटरवरून बोलतेय.
गिझरचं खालचं बटण. वरचं दाबू नकोस.
गॅसचं पुस्तक देवाच्या फडताळात, पंचांगाखाली."
म्हटलं, म्हणजे मेसेज मिळाले तर!
"कुठले मेसेज?"

मग मी त्या म्हातारीचं काढलं.
तिकडे शांतता,
पैसे पडत असताना जास्तच ऐकू येते तशी.
"ती काय बोलत होती, काही कळत नव्हतं,"
तू म्हणालीस,
"पण लाइन काय सुरेख लागली होती रे तिची."

आता मी काहीतरी बोलणार होतो,
म्हणजे तेच, जे ट्रंक कॉलवर लोक
अगदी शेवटी, घाईत बोलायचे
आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस.
तेवढ्यात तुझा तो जुना, इस्त्रीचा आवाज आला:

तीन मिनिटं झाली.
वाढवू?